बनशंकरीतलं देणं

बंगळूरच्या बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये काकूंच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली, ती केवळ कॉलेज जवळ म्हणून. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करायला सांगलीहून आलेली, बारावीपर्यंत मराठीतून विचार केलेली मी वर्गात पुरती बावरून जाई. काकू मूळच्या धारवाडकडच्या. जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मराठीला कानडी हेल होता. माझी शिष्यवृत्ती रखडली तेव्हा काही महिने त्यांनी भाड्याचा विषयच काढला नाही. पण माझ्यावरचं त्यांचं खरं ऋण त्याहून मोठं आहे. रात्री जेवणं उरकली की त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून मला शिकवत, आणि तेही मराठीतून.

झाक मोनो मला तिथे भेटले. पॅरिसमध्ये 1941 साली मांडलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवलं होतं की जिवाणूला दोन साखरा एकत्र दिल्या, तर पुष्कळदा वाढीचा आलेख एकदा चढतो, थबकतो आणि पुन्हा चढतो. ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो, मग लॅक्टोजकडे वळतो. "त्याला ग्लुकोज आवडतं," मी म्हणाले. काकूंनी तिथंच थांबवलं. "आवडतं म्हणू नको गं. कोण कुणाला अडवतं, ते सांग."

मग एकेक दुवा त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतला. ग्लुकोज आत येत असताना त्याच्या वाहतुकीतलं एक प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या प्रथिनाला रोखून धरतं. पेशीतलं सायक्लिक एएमपी कमी राहतं, म्हणून लॅक्टोजची जनुकं जोमाने वाचली जात नाहीत. ग्लुकोज संपल्यावर नवी विकरं तयार व्हायला जो वेळ लागतो, तोच आलेखातला थांबा.

हे पक्कं झाल्यावर एका रात्री त्यांनी रेशमी साड्यांच्या कपाटातून नॅफ्थॅलीनची डांबरगोळी आणून टेबलावर ठेवली. "हे ज्याचं जेवण आहे, असा एक आपल्या बंगळूरचाच आहे."

तो स्यूडोमोनास पुटिडा सीएसव्ही८६. पेट्रोल पंपाजवळच्या मातीतून वेगळा केलेला. भारतीय विज्ञान संस्थेतल्या महाजन, फळे आणि वैद्यनाथन यांनी 1994 मध्ये, तो मिथाइलनॅफ्थॅलीन कोणकोणत्या मार्गांनी मोडतो, हे प्रसिद्ध केलं. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्रशांत फळे यांच्या गटाने त्याचा पाठपुरावा केला. 2006 मध्ये बासू, आपटे आणि फळे यांनी दाखवलं की नॅफ्थॅलीन आणि ग्लुकोज एकत्र दिले तर हा आधी नॅफ्थॅलीन संपवतो. ग्लुकोजची पाळी दुसऱ्या चढणीत येते. पहिल्या टप्प्यात नॅफ्थॅलीन मोडणारी विकरं जोरात असतात, तर ग्लुकोज वापरणारी दुसऱ्या टप्प्यात वाढतात. सक्सिनेटसारखं सेंद्रिय आम्ल सोबत दिलं, तर मात्र नॅफ्थॅलीन आणि ते तो एकाच वेळी वापरतो. आता त्याचं नावही स्यूडोमोनास भारतिका असं झालं आहे.

"म्हणजे हा अपवाद," मी म्हणाले. काकू म्हणाल्या, "नियम ई. कोलायवर बघितला, तो आतड्यातला. हा तेल मुरलेल्या मातीतला. तिथं साखर कुठली? कुणी कुठं वाढलं ते बघायच्या आधी त्याला अपवाद म्हणायचं नाही."

हे त्यांनी जिवाणूपुरतं ठेवलं नव्हतं. आधी इंग्रजी सुधार, मग शास्त्र शिकवते, असं त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत. मी जिथून आले होते, तिथूनच त्यांनी सुरुवात केली. त्यामुळे शास्त्र आधी पक्कं झालं आणि इंग्रजी त्याच्या मागून आपसूक आलं.

काकू आता नाहीत. मी सांगलीत शिकवते. पहिल्या महिन्यात मुलं अडखळत इंग्रजीत उत्तर द्यायला लागली की मी म्हणते, मराठीत सांगा, पण कोण कुणाला अडवतं ते नेमकं सांगा. काकूंचं देणं फेडायचा याहून प्रामाणिक मार्ग मला ठाऊक नाही, आणि ते कधी पुरतं फिटावं अशी माझी इच्छाही नाही.