न दिसणारी नळी

मोटारीची थोरवी इंजिनावरून सांगितली जाते. तिच्यात बसलेल्यांचे प्राण मात्र करंगळीहून बारीक अशा एका धातूच्या नळीवर विसंबून असतात. शाळेच्या जुन्या जीपच्या ब्रेकच्या नळ्या घरच्या अंगणात नव्याने घडवताना आम्हां माजी विद्यार्थ्यांना वंदनेच्या तासाला शिकलेला एक पाली शब्द पुन्हा भेटला : अप्पमाद. अप्पमाद म्हणजे अखंड सावधपण. तथागतांचा अखेरचा उपदेश त्याचाच होता.

पोलादी नळी दोन्ही अंगांनी गंजते. बाहेरून तिला चिखलपाणी खाते. आतून ओलावा, कारण ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. आमच्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच दाबावर चालतात. एका जागी नळी फुटली, तर पेडल तळाला जाते आणि एकही चाक थांबत नाही.

जुन्या नळीची वळणे आम्ही तारेवर उतरवून घेतली. साध्या तांब्याची नळी स्वस्त मिळते, हाताने सहज वाकते. पण सततच्या हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. म्हणून सुमारे १० टक्के निकेल असलेल्या तांब्याच्या मिश्रधातूची, ब्रेकसाठीच बनवलेली नळी आणली. ती कटरने सरळ कापली, कडा घासली, आधी नट ओवला आणि मगच फ्लेअर मारला : टोक प्रथम आत दुमडायचे, मग पसरवायचे. ही दुहेरी कडाच दाब पेलते. ज्या टोकावर केसाएवढी चीर दिसली, ते कापून पुन्हा घडवले.

हवा काढण्याचे काम एकट्याचे नव्हे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी निपल उघडून पुन्हा बंद करायचे. सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ. बाटलीतले बुडबुडे थांबले, पेडल टणक लागले, तेव्हा प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून पाहिला. कागद कोरडा निघाला. तरीही जाणत्या मेकॅनिकने तपासल्यावाचून जीप रस्त्यावर नेली नाही.

याच जीपमधून अपरात्री एखाद्या तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेले जाते. त्या मुलाला या नळीची आठवण होण्याचे कधी कारण पडू नये, एवढ्याचसाठी तो कागद चार वेळा बदलायचा असतो.