डेसिबल कुणाच्या खिडकीशी मोजायचे?

'डेसिबल' हा शब्द आमच्या वस्तीतल्या पोरांना एकाच कारणाने माहीत आहे. एप्रिल उजाडला की जयंती मंडळाच्या नावाने पोलीस ठाण्यातून नोटीस येते. निवासी क्षेत्रात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. उल्लंघन केल्यास कारवाई. खाली ध्वनिप्रदूषण नियम, २००० चा हवाला. हा कायदा आम्हाला मान्य आहे. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला, परीक्षेच्या पोराला शांतता मिळालीच पाहिजे, मग डीजे कुणाचाही असो. आमचा सवाल पुढचा आहे. जयंतीच्या रात्री जागा असणारा हा कायदा आमच्या डोक्यावर इमारत उभी राहते तेव्हा कुठे असतो?

आमच्या वस्तीवर झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या अर्जात आवाजाबद्दलही विचारणा असते: रहदारीचा आवाज किती वाढेल, जनरेटरचा परिणाम काय होईल, उपाय काय करणार. म्हणजे आवाजाची मोजणी फाईलमध्ये असतेच. आम्ही काही जणांनी ती फाईल मिळवली आणि विहारात बसून पानापानाने वाचली.

पहिली गोष्ट दिसली ती मोजणीच्या जागांची. त्यांत वस्तीतली एकही जागा नव्हती. प्लॉटचे फाटक, पलीकडची सोसायटी, कोपऱ्यावरची शाळा. जिथे शेकडो कुटुंबे आजही राहतात आणि काम सुरू असतानाही त्यांतली बरीच राहणार आहेत, तिथे यंत्र पोचलेच नाही. अहवालाच्या हिशेबात आम्हाला कानच नव्हते.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. मुख्य रस्ता जवळ म्हणून आमची जागा व्यापारी क्षेत्रात धरली होती. व्यापारी क्षेत्राची मर्यादा दिवसा ६५, रात्री ५५. कागदावरचा एक शब्द बदलला आणि आमच्या वाट्याला १० डेसिबल जादा आले. १० म्हणजे थोडे वाटतील. पण डेसिबलचे माप किलो-मीटरसारखे सरळ चढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. जयंतीच्या नोटिशीत आम्ही निवासी आणि बिल्डरच्या फाईलमध्ये आम्ही व्यापारी. एकाच पत्त्याला दोन कायदे कसे?

तिसरी गोष्ट नकाशाची. पुनर्वसनाच्या इमारती रस्त्याला लागून, विक्रीचा मनोरा मागे. आणि अहवालात लिहिले होते की पुढच्या इमारतींमुळे मागच्या मनोऱ्याला रहदारीच्या आवाजापासून आडोसा मिळेल. पुढच्या इमारती म्हणजे आमच्या. मनोऱ्याच्या खिडक्यांना दुहेरी काचा, आमच्या खिडक्यांबद्दल एक ओळ नाही. आमची घरे म्हणजे त्यांची आवाज अडवायची भिंत!

यावर काही मित्र म्हणतात, 'यात जात कुठे आली? बिल्डर जात बघत नाही, भाव बघतो.' खरे आहे, तो भावच बघतो. पण भाव नसलेल्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या कोण राहिले? कितीतरी गावांत वारा पश्चिमेकडून येतो म्हणून आपला वाडा पूर्वेला बसवला. आपल्या अंगावरचा वारा त्यांच्या अंगावर जायला नको होता. शहरात आल्यावर हाच हिशेब आवाजाने होतो. रेल्वेचे रूळ, हायवे, कत्तलखाना, डम्पिंग यांच्या कडेला कुणाची वस्ती असते ते डोळे उघडे ठेवून पाहा. नकाशा काढणाऱ्याच्या मनात जात असायलाच हवी असे नाही. जमिनीत ती आधीच मुरलेली आहे.

शांतता ही चैन नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब राहत असे, म्हणून रामजीबाबा लहान भीमरावांना पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. त्या खोलीत जागा नव्हती, पण पहाटेची शांतता होती. आज आमच्या वस्तीतली मुले स्पर्धा परीक्षेचा अभ्यास रात्रीच करतात, कारण दिवसा कामावर जातात. ती रात्रच काढून घेतली तर 'शिका' हा आदेश पाळायचा कसा? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आवाजाचा प्रश्न कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. तो हक्क काय फक्त दुहेरी काचांच्या आतल्यांना आहे?

आणि हे सगळे बोलायचे कुठे? २००६ च्या अधिसूचनेने इमारत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. खाणीसाठी सुनावणी होते, आमच्या घरासाठी नाही. म्हणून फाईल वाचणे हीच आपली सुनावणी.

कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पाठच कराव्यात. मंजुरीची कागदपत्रे 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर शोधा. मोजणीच्या जागा, वेळ आणि क्षेत्राची वर्गवारी तपासा. फक्त सरासरी आकडा पाहू नका. सरासरीत पायलिंगच्या यंत्राचा प्रत्येक ठोका विरघळून जातो. निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवायला बंदी आहे, तारखेनिशी तक्रार द्या. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर नियम ७ खाली तक्रारीचा हक्क आहे. वर्गवारीवर भांडायचे ते यासाठीच, कारण तक्रारीची पायरीही तिच्यावरूनच ठरते. बिल्डरला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, तो मागा. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण दाखवले तर पुढे ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. मोबाईलवरचे ॲप पुरावा म्हणून टिकणार नाही, पण अधिकृत मोजणी मागायला तेवढा आधार पुरतो.

आम्ही तीन मागण्यांचे पत्र दिले: वस्तीत रात्रीची मोजणी, निवासी वर्गवारी, आणि रस्त्याकडच्या आमच्या खिडक्यांनाही मनोऱ्यासारख्याच काचा. मोजणी झाली, वस्तीतल्या दोन ठिकाणी, रात्रीची. वर्गवारी आणि काचा यांवर उत्तर आलेले नाही. दुसरे पत्र तयार आहे आणि या वेळी खाली सह्या करायला महिला मंडळ पुढे आले आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या नवऱ्यांचा आणि पाळण्यातल्या पोरांचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला ठाऊक?

मोर्चा काढता येतो, घोषणा देता येतात. त्यासोबत आता तक्ते वाचायलाही शिकले पाहिजे. ज्या वस्तीवर योजना येईल, तिथल्या दोन पोरांनी तरी ही फाईल उघडावी आणि पहिला प्रश्न विचारावा: यंत्र कुणाच्या खिडकीशी ठेवले होते?

जय भीम! जय संविधान!