घरून मिळालेली कॉपी

तुमच्या ऑफिसात काळ्या स्क्रीनवर भराभर टाइप करणारं कुणीतरी असतंच. माझ्या फ्लॅटवर आहे. रूममेट! मास कॉम केलेल्या माझ्या डोक्यावरून तिची भाषा एरवी सरळ निघून जाते. पण तिने सांगितलेली एक गोष्ट पक्की बसलीय. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.

प्रकार सोपा आहे. युनिक्स किंवा लिनक्सवरचा प्रत्येक चालू प्रोग्रॅम स्वतःजवळ एक यादी बाळगतो. घराचं फोल्डर कुठलं, कमांड कुठे शोधायच्या, वगैरे. भाषासुद्धा! 'लँग'मध्ये मराठी भरली आणि मशीनवर मराठीची सोय असली, तर तिथून चालवलेली 'डेट' कमांड महिन्याचं नाव मराठीत सांगते. ही पद्धत १९७९ मधल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची, स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर आलेली.

शेल म्हणजे आपल्या कमांड ऐकणारा प्रोग्रॅम. स्क्रिप्ट म्हणजे त्याच कमांड लिहून ठेवलेली फाइल. स्क्रिप्टने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला की तो तिचं मूल. नावच आहे, चाइल्ड प्रोसेस. मुलाला आईची यादी मिळते, पण तीन अटींवर. एक, आईने 'एक्स्पोर्ट' केलं तेवढंच मिळतं. दोन, मिळते ती कॉपी, निघताना होती तशी. नंतर आईकडे काय बदललं, याचा मुलाला पत्ता नसतो. तीन, मुलाने आपल्या कॉपीत कितीही उलथापालथ केली, तरी आईच्या यादीत काडीचा फरक पडत नाही.

हे ऐकलं आणि मला सावली आठवली. चंद्रपूर जिल्ह्यातलं माझं गाव, मूलहून गडचिरोलीकडे जाताना लागतं. सगळा धानाचा मुलूख. मी पुण्याला निघाले तेव्हा आमची बांधी होती. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मित्रमंडळींत 'आमची शेती आहे' असं ऐटीत सांगायचे. मागच्या वर्षी कळलं, ती विकून चार वर्षं झालीत. कर्ज होतं.

"तुले सांगून का होनार होतं?" बाबा म्हणाले.

कर्ज एक्स्पोर्टच झालं नव्हतं! आणि उलट्या बाजूनेही तेच. मी नोकरी सोडून फ्रीलान्स झाले, हे फोनवर दहादा सांगून झालंय. आई अजून पाहुण्यांना सांगते, 'पोरगी पेपरात नोकरीले हाय.'

रूममेट म्हणते, यावर एक कमांड आहे. 'सोर्स'. तिने चालवलेली स्क्रिप्ट वेगळं मूल होत नाही. त्याच शेलमध्ये बसून ओळीमागून ओळ चालते, आणि तिने केलेले बदल तिथेच टिकतात. म्हणजे लांबून फोन नाही, घरात जाऊन राहणं.

म्हणून यंदा भाऊबीज झाली की लगेच परतायचं नाही. मंडई आणि नाटकं होईपर्यंत थांबायचं. बाबांसोबत बँकेचं पासबुक उघडून बसायचं. आईला माझा हिशेब दाखवायचा, कुठल्या महिन्यात किती येतात आणि कुठल्या महिन्यात काहीच येत नाही.

फ्रीलान्सरला सुट्टी मागावी लागत नाही. तुम्हाला लागेल. मागा!