शाळा तीनला सुटते

मुलांना घेऊन न्यूझीलंडला निघालो तेव्हा विचारील त्याला आम्ही एकच कारण सांगत होतो: जरा निवांत जगायचंय. संध्याकाळ हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जायची, आणि लेक शाळेच्या व्हॅनमध्ये पोळीचा रोल तोंडात कोंबत अर्धवट झोपेत असायची. नवऱ्याला वांगानुईच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली आणि आम्ही बाडबिस्तरा आवरला. वांगानुई म्हणजे उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, पन्नास हजारांच्या आतबाहेर वस्तीचं नदीकाठचं गाव. संध्याकाळी बाजारपेठ चिडीचूप. मुलं अनवाणी शाळेत गेली तरी कुणाला काही वाटत नाही. धाकट्याला तर पाच पूर्ण झाले त्याच दिवशी वर्गात बसवलं. तिथली रीतच तशी.

सगळं खरं. पण शाळा तीनला सुटते. चौदा वर्षांखालच्या मुलाला नीट देखरेखीशिवाय सोडणं हा तिथे गुन्हा आहे. पोळ्यांना मावशी नाहीत, भांड्यांना बाई नाही, आजी वाईला. मला हिशेबाचं काम मिळालं ते पाचपर्यंतचं. निवांत आयुष्याच्या जाहिरातीत हे तीन ते साडेपाच कुठे दाखवत नाहीत.

त्या वेळात आमच्यामागे उभी राहिली शेजारची म्हातारी. मुलं तिला नॅन म्हणायची, आणि पुढे मीही.

ओळख झाली लाकडांवरून. शेगडीसाठी लाकूड उन्हाळ्यातच घेऊन ठेवायचं, म्हणजे थंडीपर्यंत वाळतं. ट्रकवाला अंगणात ढीग ओतून गेला आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. ही गमबूट घालून आली, काही न विचारता वाकली आणि रचायला लागली. सालीची बाजू वर, दोन ओंडक्यांमध्ये बोटभर फट, कापलेली टोकं वाऱ्याच्या दिशेला. आमच्याकडे शेणी रचतात तोच थाट. मी लावलेली एक ओळ तिने पायाने ढकलून पाडली आणि म्हणाली, “ओलं जळलं तर धूर नुसता. परत लाव.” ढीग संपला तसं तिने विचारलं, “मुलं तीनला येतात ना? मी घरीच असते.”

निवांतपणा हिच्या रक्तातच असेल असं कुणाला वाटेल. नॅन माओरी, आणि उभं आयुष्य तिने मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालण्यात काढलेलं. कातरणी पहाटे पाचला सुरू होते, म्हणजे हिचा दिवस त्याआधी. मग नाश्ता, दहाचा चहा आणि त्याबरोबरचं खाणं, जेवण, पुन्हा चहा. एक मिनिट इकडचं तिकडे झालं की माणसं ओरडणार. अशा बाईने म्हातारपणी हाती आलेला वेळ आमच्या पोरांना दिला. पैशांचं एकदाच काढलं. तिने ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

तिथल्या शाळेत मुलांना माओरी पद्धतीने ओळख सांगायला शिकवतात. आधी डोंगर, मग नदी, स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. लेकीने नॅनच्या स्वयंपाकघरातूनच आजीला फोन लावला. आजीने क्षणात सांगितलं, “पांडवगड आणि कृष्णामाई. विचारायचं काय त्यात?” नॅनला याचं फार अप्रूप. तिची नदी, वांगानुई, हिला 2017 साली संसदेने कायदा करून व्यक्तीचा दर्जा दिला. त्यामागे तिच्या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा लढा. मी तिला वाईचा कृष्णाबाईचा उत्सव सांगितला. घाटाघाटावर देवीला बसवतात, प्रत्येक घाटाचे दिवस ठरलेले. तिने चहा ढवळता ढवळता ऐकून घेतलं. “म्हणजे तुम्हाला कायद्याची गरज पडली नाही,” म्हणाली. हल्ली त्या कृष्णेचं पाणी कसं असतं ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

आमच्या दोन घरांत आइस्क्रीमचा दोन लिटरचा एक रिकामा डबा फिरायचा. तिथे घरोघरी हे डबे जपून ठेवतात. त्या बाबतीत ते लोक अगदी आपल्यातले. माझ्याकडून थालीपिठं गेली की तिच्याकडून फीजोआची चटणी यायची. शरद ऋतूत ही हिरवी फळं इतकी पडतात की लोक खोकी भरून फाटकाबाहेर ठेवतात, न्यावं ज्याने त्याने. होळीला पुरणपोळ्या दिल्या तर चार दिवसांनी डब्यात मटणाची तंगडी. आम्ही शाकाहारी. ती नवऱ्याच्या सहकाऱ्याने आनंदाने नेली.

आणि मग तिकडे वाईला आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मी पोचेपर्यंत शस्त्रक्रिया होऊन गेली होती. कागदांवर सह्या, रक्ताची धावपळ, रात्रीची जाग, पुढे महिनाभर सकाळचा चहा आणि दोन वेळचा डबा, सगळं शेजारच्या काकूंनी केलं. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात. आमच्या निवांतपणाचा हप्ता वाईत कुणीतरी भरत होतं, हे मला त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून भाजी चिरताना पुरतं कळलं. “काकू, कसं फेडू?” असं काहीतरी मी बोलले. “ती विळी धुऊन ठेव आणि जा आईपाशी,” त्या म्हणाल्या.

परत गेल्यावर नॅनने पहिला प्रश्न केला तो हाच: आईजवळ आता कोण आहे? मी काकूंबद्दल सांगितलं. ती जरा वेळ हिशेब केल्यासारखी बसली. “म्हणजे ती माझंच काम करतेय. तिच्या पायाचं माप विचार.”

महिन्याभराने लोकरीचे जाडजूड मोजे पोस्टाने वाईला गेले, आणि पोचले ते नेमके वैशाखात. काकूंनी तरी ते घालून, पाय स्टुलावर ठेवून फोटो पाठवला. मागोमाग त्यांचा फोन. “अगं, त्या बाईंना उलट काय पाठवू? खायचं तिकडे अडवतात म्हणे. गोधडी चालेल का? जुन्या लुगड्यांची आहे, मऊ. पण उंची किती त्यांची ते आधी सांग.”