हात लावू नका

राणीच्या बागेतल्या पुष्पप्रदर्शनाला रविवारी जाऊ नये, असं सगळे सांगतात आणि रविवारीच जातात. नोकरदार मुंबईकराला दुसरा वार असतो कुठे? पंचांगातला वसंत चैत्रात येतो, पण तोवर इथं पिटुनिया तग धरत नाही. म्हणून महापालिका आपला वसंत वसंतपंचमीच्या आगेमागे, हवेत जरा गारवा आहे तोवर उरकून घेते.

आत शिरलं की गर्दीच आपल्याला चालवते. सगळ्यात जास्त झुंबड फुलं टोचून केलेल्या भल्यामोठ्या प्रतिकृतींभोवती. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. शेवंतीला शेवंती राहू द्यावं, तिचा प्राणी कशाला करायचा? अर्थात, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं माझं मत विचारायला थांबत नाहीत.

मी रेंगाळतो कुंड्यांच्या रांगांपाशी. ‘फुलांना हात लावू नका’ अशी पाटी असते आणि पाटीखालीच हात पुढे आलेले असतात. सुरक्षारक्षक शिट्टी मारतो, ‘ओ ताई, लांबून बघा’ म्हणतो. ताई हात मागे घेतात, तो वळला की पाकळी चिमटीत धरतात आणि मागच्या बाईला सांगतात, ‘खरं आहे गं!’ दारोदार प्लास्टिकची तोरणं लावणाऱ्या शहरात ही खात्री करून घ्यावीच लागते. मग वाकून वास. पिटुनियाला दिवसा वास जवळजवळ नाहीच. एकीनं पानाला बोट लावलं, ते चिकट लागलं, आणि तिनं ते मुकाट्यानं पदराला पुसलं.

याला बेशिस्त म्हणायला माझं मन घेत नाही. फूल कुंडीत वाढवावं, मांडून ठेवावं, हातभर अंतरावरून पारखावं आणि त्याला बक्षीस द्यावं, ही रीत आपल्याकडे साहेबाबरोबर आली. ही बागही 1862 साली व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणूनच उघडली. आपलं फूल नुसतं बघण्यासाठी कधी नव्हतंच. पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन बघा. पोत्यात हात घालून, मूठभर उचलून, देठ दाबून सौदा होतो. तिथून ते फूल देव्हाऱ्यात जातं, अंबाड्यावर जातं, टॅक्सीच्या आरशाला लटकतं, तिरडीवर पडतं. हात न लागता ते कुठेच पोचत नाही.

कुंडीतलं फूल घरचं झालं नाही, याला त्याच्या परकेपणाचंही कारण सांगता येणार नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, डेलियाही तिकडचाच. त्यातला एक आता दसऱ्याचा मालक होऊन बसलाय, दुसरा अजून कुंडीत पाहुणा आहे. हा निकाल सुईदोऱ्यानं दिला असावा, असं मला वाटतं. झेंडू ओवला तरी दिवसभर टवटवीत राहतो, लोकलच्या डब्यात चेंगरला तरी तोरणात उभा राहतो. पिटुनिया खुडला की मान टाकतो. ज्याला ओवता येत नाही, त्याला घरात घेऊन करायचं काय?

बाहेर पडायच्या वाटेवर रोपांचे स्टॉल असतात, आणि तिथं शिट्टी नसते. साठीच्या एक बाई मोगऱ्याचं रोप उलटंपालटं करून बघत होत्या. त्यावर एकही कळी नव्हती.

‘वास येईल ना रे?’

‘येईल की मावशी. एप्रिल लागू द्या. ऊन मात्र पाहिजे.’

‘आमच्या खिडकीत तासभर येतं. समोर टॉवर झालाय.’

‘मग मनीप्लांट न्या. बाटलीतसुद्धा वाढतो.’

‘त्याचा काय गजरा करू?’ बाईंनी पिशवीतून पर्स काढली आणि मोगऱ्याचा भाव पाडायला सुरुवात केली.