मॉनिटरच्या हातातला खडू

चि. सोनूस,


शिकवायला तिसरीचा वर्ग, पट ३८, आणि पहिल्याच आठवड्यात तू मॉनिटरकडून फळ्यावर लिहवून घेतलीस ती ‘बोलणाऱ्यांची नावं’! ही रीत माझ्या आईच्या शाळेतही होती. जुनी आहे म्हणून चांगली ठरत नाही. रोज तीच चार नावं असतात की नाही, खरं सांग. त्या चौघांना नाव झळकायची सवय होते, मॉनिटर आपल्या भांडणांचा वचपा त्यात काढतो, आणि मुकाट्यानं गणितं सोडवणाऱ्या चौतिसांची दखल कुणीच घेत नाही.

छडीचं तुला सांगायला नको. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करतं, आणि हा दुसरा अर्धा भाग शिक्षकखोलीत कुणाला आठवत नाही. ‘गाढवा’ म्हणणं, घरच्या गरिबीवरून टोमणा मारणं हा त्रासच.

मग वर्ग शांत कसा ठेवायचा? नुसतं ‘गप्प बसा’ म्हटल्यानं मुलांना काय करायचं ते कळत नाही. ‘वही उघडा, तारीख घाला’ म्हटलं की कळतं. खिचडीची रांग, हात धुणं, ताट कुठं ठेवायचं, हेही पाढ्यांसारखं घोकून घ्यावं लागतं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून. कौतुक करताना ‘शहाणा मुलगा’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘पहिलीतल्या मुलांना नळावर आधी जाऊ दिलंस, ते मी पाहिलं’ असं सांग. वहीवर चांदण्या चिकटवायचं खूळ मात्र जपून. थोड्याच दिवसांत चांदणीवरूनच मारामाऱ्या होतात.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या पसरलेल्या खोल्या स्वतः आवरून ठेवत. मुलं ओशाळली आणि आपली आपण आवरू लागली. तेवढं आपल्याच्यानं होणार नाही, पण फळ्याखालचे खडूचे तुकडे तू उचललेस तरी मुलं बघतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा धडा मला याहून मोठा वाटतो. कोसबाडची आदिवासी मुलं गुरांमागे जात, शाळेत येत नसत. दोघींनी मुलांना आळशी ठरवलं नाही. कुरणातच शाळा नेली. आधी कारण शोधलं.

तुझ्या चौघांचंही तेच कर. ज्याला धडा वाचता येत नाही, तो शेजाऱ्याशी बोलणार नाही तर काय करील? कोण सकाळी उपाशी येतं, कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, मागच्या बाकावरून कुणाला फळा दिसत नाही, हे विचारून घे. पालकांना निरोप धाडशील तो पहिल्यांदा एखादी चांगली गोष्ट सांगायला. शाळेनं बोलावलं म्हणजे तक्रारच, अशी त्यांची खात्री झालेली असते.

सोमवारी मॉनिटरकडून तो खडू काढून घे. त्याला झाडांना पाणी घालायचं काम दे, आणि चौघांतल्या एकाला त्याच्या जोडीला दे.

तुझी,
मावशी