चुलत्याची लेक

गेल्या सुटींत आमच्या नातीनें सुपरगर्लची गोष्ट आमच्यापुढें ठेविली आणि विचारिलें, "आजोबा, त्यानें तिला घरीं कां नेलें नाहीं?" चित्रकथा म्हणजे पोरखेळ, अशी आमची समजूत; परंतु या प्रश्नामुळें ती गोष्ट आम्हांस मुळापासून वाचावी लागली.

सुपरमॅन १९३८ सालीं अमेरिकेंत अवतरला. १९५८ च्या एका कथेंत मित्राच्या इच्छेनें त्याच्याच तोडीची एक स्त्री जादूनें निर्माण झाली. त्याचे प्राण वांचवून ती त्याच कथेंत लोपली. पुढें मे १९५९ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या २५२ व्या अंकांत लेखक ऑटो बाइंडर व चित्रकार अल प्लॅस्टिनो यांनीं खरी सुपरगर्ल आणिली. क्रिप्टॉन ग्रह फुटला, तेव्हां त्याच्या एका तुकड्यावर आर्गो नगर तगलें होतें. त्याचाही नाश ओढवला, तेव्हां झॉर-एल या पित्यानें आपली कन्या कारा हिला अग्निबाणांतून पृथ्वीवर धाडिलें. हा झॉर-एल सुपरमॅनच्या पित्याचा भाऊ. म्हणजे ती त्याची सख्खी चुलतबहीण.

एकट्या पडलेल्यास रक्ताचें माणूस भेटलें! तरी आपलें गुपित फुटेल या भयानें त्यानें तिला मिडव्हेल गांवच्या अनाथालयांत ठेविलें, सोनेरी केसांवर पिंगट केसांचा टोप चढविला, लिंडा ली हें नांव दिलें आणि सामर्थ्य झांकून ठेवण्यास सांगितलें. १९६१ सालीं डॅनव्हर्स या परक्या दांपत्यानें तिला दत्तक घेतलें. सुपरमॅननें जगास तिची ओळख करून दिली ती १९६२ सालीं.

त्यास हंसावयास आम्हांस तोंड नव्हतें. आमची एक चुलतबहीण लहानपणींच पोरकी होऊन आमच्या घरीं आली. आम्ही ज्या बीजगणितावर अडत असूं, तें ती भाजी निवडतां निवडतां सोडवी. मॅट्रिकनंतर आम्ही कॉलेजांत गेलों; ती माजघरांत राहिली. घर मोठें, खर्च मोठा, असें वडीलधारीं म्हणत, आणि तें आम्हांसही रास्त वाटे. कारण आमची फी त्यांत सुखरूप होती.

आसरा देणें निराळें आणि आपलें म्हणणें निराळें. वाचकहो, अशी चुलत्याची लेक आपल्याही घरीं असेल.

नातीस आम्ही उत्तर दिलें, "त्याची सोय मोडत होती, म्हणून." आमच्या घरासही तेंच लागू होतें, हें मात्र त्या दिवशीं तिला सांगवलें नाहीं, म्हणून येथें लिहिलें.